आघात रक्तात उतरतो का?

दहा माणसांमधल्या सात जणांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी जिवावर बेतणारा प्रसंग येतो. अपघात, महापूर, मारहाण, बलात्कार, युद्ध, नाहीतर जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चोवीस देशांत झालेल्या पाहण्यांतून हे प्रमाण पुढे आलं. त्याच पाहण्यांतला दुसरा आकडा मात्र जास्त बोलका आहे. असा प्रसंग सोसलेल्यांपैकी पीटीएसडी, म्हणजेच आघातोत्तर ताणविकार, आयुष्यात कधीतरी जडला तो ५.६ टक्के लोकांना. बाकीचे हादरले, रडले, काही आठवडे त्यांची झोप उडाली, आणि मग हळूहळू ते आपापल्या कामाला लागले.

ज्यांना विकार जडतो त्यांच्या बाबतीत घटना संपलेली असते, पण ती संपली हे शरीराला कळलेलंच नसतं. फटाका वाजला की माणूस जमिनीवर पालथा पडतो. डिझेलचा वास आला की छाती धडधडायला लागते. रात्री तोच प्रसंग पुन्हा घडतो, घामाने अंथरूण भिजतं. जिथे ते घडलं तो रस्ता आधी टाळला जातो, मग बाजार, मग घराबाहेर पडणंच. मुलाबाळांवरची मायाही कुठेतरी गोठून गेल्यासारखी वाटते. हे सगळं महिन्याभरापेक्षा जास्त टिकलं की डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

एकाच गाडीत बसलेल्या, एकाच स्फोटात सापडलेल्या दोन सैनिकांपैकी एकालाच हे का व्हावं? फार काळ या प्रश्नाला एकच उत्तर दिलं गेलं: तो मनाचा कच्चा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने भ्याडपणाच्या आणि पळून गेल्याच्या आरोपाखाली आपल्याच सैनिकांना उभं करून गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना ब्रिटनने मरणोत्तर माफी दिली ती २००६ साली. त्यांच्यापैकी काही जण आजच्या कुठल्याही मनोविकारतज्ज्ञासमोर आले असते तर थेट उपचारासाठी दाखल झाले असते.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर १९८० सालाचं महत्त्व कळतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडीला स्थान दिलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी त्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला होता. त्या व्याख्येत असं धरलं होतं की घटना इतकी भयंकर असते की जवळपास कुणालाही त्रास होईल. म्हणजे दोष घटनेचा, माणसाचा नाही. सैनिकांना हवा होता तो न्याय या वाक्यात होता. आणि म्हणूनच पुढे कुणी जनुकांचा प्रश्न काढला की अनेकांच्या कपाळावर आठी उमटायची. जनुकांमुळे धोका वाढतो असं म्हटलं की ‘मनाचा कच्चा’ हा जुना शिक्का नव्या शाईत परत आला, अशी भीती होती. ती भीती अनाठायी नव्हती. तरीही प्रश्न विचारणं भाग होतं, कारण ५.६ टक्के आणि उरलेले यांच्यातला फरक नुसत्या घटनेच्या भयंकरपणाने भरून निघत नव्हता.

पहिलं भक्कम उत्तर मिळालं ते जुळ्या भावांकडून. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात असलेल्या जुळ्यांची एक नोंदवही आहे. विल्यम ट्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातल्या ४,०४२ जोड्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. द्विबीज जुळ्यांची निम्मी सारखी, म्हणजे इतर सख्ख्या भावांइतकीच. एकबीज भावांमध्ये लक्षणं जास्त जुळत असतील, तर तेवढा वाटा जनुकांचा. लढाईचा अनुभव कुणाला किती आला हे हिशेबात धरूनही लक्षणांमधल्या फरकाचा साधारण तीस टक्क्यांपर्यंतचा भाग जनुकांकडे जात होता. (याचा अर्थ एखाद्या माणसाच्या आजारातला तीस टक्के आजार जनुकांचा, असा नव्हे. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला तेवढा हिस्सा, इतकंच हा आकडा सांगतो.) याच नोंदवहीवरच्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. लढाईत प्रत्यक्ष पुढच्या फळीवर कोण पोहोचतो, यावरही जनुकांचा प्रभाव होता. धाडसी स्वभाव, स्वतःहून नाव देण्याची वृत्ती माणसाला संकटाच्या जवळ नेते. म्हणजे घटना आणि माणूस हे दोन वेगळे रकाने करून भागत नाही.

जुळ्यांचा आणखी एक अभ्यास माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग आहे. पीटीएसडीच्या रुग्णांमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग आकाराने लहान असतो, हे तेव्हा माहीत झालं होतं. सर्वसाधारण समज असा, की सततच्या ताणाने तो झिजतो. मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी एकबीज जुळ्यांच्या अशा जोड्या निवडल्या, ज्यांच्यातला एक भाऊ व्हिएतनामला लढायला गेला होता आणि दुसरा गेला नव्हता. दोघांच्याही मेंदूचे एमआरआय काढले. आजारी सैनिकाचा हिप्पोकॅम्पस अपेक्षेप्रमाणे लहान निघाला. पण ज्याने लढाई पाहिलीही नव्हती, जो घरी राहिला होता, त्या भावाचाही तेवढाच लहान होता. जो झिजेचा पुरावा मानला जात होता, तो निदान काही अंशी युद्धाच्या आधीपासूनच तिथे होता. २००२ साली हा निबंध आला आणि कारण कुठलं, परिणाम कुठला, हे ठरवण्यात किती घाई होते ते सर्वांना कळून चुकलं.

मग ती जनुकं कुठली? इथला इतिहास फारसा अभिमानास्पद नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मेंदूतल्या रसायनांविषयी जे माहीत होतं त्यावरून एकेक संशयित जनुक निवडायचं आणि शेदोनशे रुग्णांत ते तपासायचं, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालली. सेरोटोनिनची ने-आण करणारं एक जनुक २००३ सालच्या एका गाजलेल्या निबंधानंतर इतकं प्रसिद्ध झालं की त्यावर शेकडो निबंध निघाले. नैराश्याच्या बाबतीत अशा १८ लाडक्या जनुकांची २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर फेरतपासणी झाली. यदृच्छेने उचललेल्या कुठल्याही जनुकापेक्षा ती सरस ठरली नाहीत. नमुना लहान आणि उत्साह मोठा असला की काय होतं, याचा हा धडा पुढे वंशपरंपरेच्या चर्चेत पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आता पद्धत उलटी झाली आहे. आधी संशय घ्यायचा नाही, अख्ख्या जनुकसंचाची चाळणी करायची आणि माणसं लाखांनी घ्यायची. एप्रिल २०२४ मध्ये कॅरोलाइन निवरगेल्ट यांच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय गटाने युरोपीय वंशाच्या १२,२२,८८२ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत १,३७,१३६ पीटीएसडीचे रुग्ण होते. जनुकसंचातले ९५ भाग आजाराशी जोडलेले आढळले. त्यांत चेतापेशींमध्ये संदेश पोहोचवणारी जनुकं आहेत, गर्भावस्थेत मेंदूची जोडणी घडवणारी आहेत, स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेनचा ग्राहक बनवणारं एक आहे, आणि रोगप्रतिकारशक्तीशी संबंधितही काही आहेत. या यादीतल्या प्रत्येकाचा परिणाम इतका सूक्ष्म आहे की एकट्याने ते कुणालाही आजारी पाडत नाही की वाचवतही नाही. यांतली बरीच जनुकं नैराश्याच्याही यादीत आहेत. ‘पीटीएसडीचं जनुक’ असं काही नाही. ते सापडेल अशी आशाही आता कुणी जाणता संशोधक बाळगत नाही.

पण या प्रचंड चाळणीत एक गोष्ट बसत नाही: माणसाच्या आयुष्यात काय घडलं ते. त्यासाठी अटलांटा शहरातल्या ग्रेडी मेमोरियल रुग्णालयात जावं लागेल.

ग्रेडी हे सार्वजनिक रुग्णालय. तिथे येणारे बहुतेक रुग्ण कृष्णवर्णीय आणि गरीब. केरी रेसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मुलाखतकार तिथल्या सर्वसाधारण आणि स्त्रीरोग विभागाच्या बाहेर, नंबर लागण्याची वाट बघत बसलेल्या माणसांपाशी जात. ही माणसं मनोविकाराच्या उपचारासाठी आलेली नव्हती. कुणी रक्तदाबासाठी आलेलं, कुणी बाळंतपणाच्या तपासणीला. सगळ्यांना सफाईने लिहितावाचता येईलच असं नव्हतं, म्हणून प्रश्न वाचून दाखवले जात. लहानपणी घरात मारहाण झाली का? लैंगिक अत्याचार झाला का? मोठेपणी कुणी शस्त्राचा धाक दाखवला का? कुणाचा खून डोळ्यांसमोर पाहिलात का? युद्धभूमीवर न गेलेल्या या लोकांची उत्तरं युद्धभूमीवरून आलेल्यांसारखी होती. शेवटी डीएनएसाठी नमुना घेतला जाई.

सुमारे नऊशे रुग्णांच्या या माहितीवरून एलिझाबेथ बाइंडर, रेसलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एक निष्कर्ष मांडला. एफकेबीपी५ नावाच्या जनुकाची काही रूपं असलेल्या लोकांना लहानपणी अत्याचार सोसावा लागला असेल, तर मोठेपणी पीटीएसडीची लक्षणं जास्त तीव्र असतात. ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाला नाही, त्यांच्या बाबतीत हे रूप असलं काय, नसलं काय, फरक पडत नव्हता. मोठेपणीच्या आघातांशीही या रूपांचं तसं नातं दिसलं नाही. जनुक एकटं काही करत नव्हतं. जनुक आणि बालपण मिळून करत होती.

एफकेबीपी५ काय करतं हे समजून घेण्यासाठी कॉर्टिसॉलपासून सुरुवात करू. धोका दिसला की मेंदूच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. साखर वाढते, लक्ष एकवटतं, शरीर तयार होतं. हेच कॉर्टिसॉल परत मेंदूत जाऊन तिथल्या ग्राहकांना चिकटतं आणि ‘पुरे’ असा निरोप देतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की बॉलकॉक वर येतो आणि आपोआप नळ बंद होतो, तशी ही व्यवस्था. एफकेबीपी५ हे प्रथिन त्या ग्राहकाला बिलगून बसतं आणि कॉर्टिसॉलशी त्याची जवळीक कमी करतं. बॉलकॉक जड होतो, पाणी वर आलं तरी लवकर उचलला जात नाही. शिवाय कॉर्टिसॉल वाढलं की एफकेबीपी५ ही जास्त बनतं. जनुकाच्या धोकादायक रूपात ते गरजेपेक्षा जास्त बनतं. त्यामुळे ताण उतरायला वेळ लागतो.

बालपणाचा यात शिरकाव कसा होतो, हे म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेतले टॉर्स्टन क्लेंगेल, बाइंडर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं. इथे एपिजेनेटिक्सचा प्रवेश होतो. डीएनए चार अक्षरांचा बनलेला असतो. त्यातल्या ‘सी’ या अक्षरावर, विशेषतः जिथे त्याच्यापुढे ‘जी’ असतं तिथे, पेशी एक छोटा मिथाइल गट जोडू शकते. अक्षर बदलत नाही, पण त्या जागेवरचं जनुक किती वाचलं जाईल ते बदलतं. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांचा डीएनए एकच असूनही त्यांचं काम वेगळं असतं, त्याच्या मागे अशाच खुणा असतात. क्लेंगेल यांना दिसलं की धोकादायक रूप असलेल्या आणि लहानपणी अत्याचार सोसलेल्या लोकांत एफकेबीपी५ मधल्या एका ठरावीक भागावरचे मिथाइल गट कमी झालेले आहेत. खुणा उतरल्या की जनुक अधिक वाचलं जातं. हा बदल मोठेपणीच्या आघातांनी होत नव्हता, फक्त लहानपणीच्या. वाढत्या वयात शरीर आपली ताणव्यवस्था जुळवून घेत असतं, आणि त्या वेळी घरात रोज मार पडत असेल तर ते त्याच घरासाठी जुळवून घेतं. पुढे घर बदलतं, जुळणी तशीच राहते. हा निष्कर्षही अजून अनेक वेगवेगळ्या समूहांत तपासला जायला हवा. तरी सेरोटोनिनच्या जनुकापेक्षा मी याला जास्त वजन देतो, कारण इथे नुसतं आकड्यांचं नातं नाही, रेणू कसा वागतो हे पायरीपायरीने दाखवलं आहे.

असल्या खुणा वागणुकीने पडतात हे त्याआधी उंदीरजातीत दिसलं होतं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांनी प्रयोगशाळेतल्या घुशीएवढ्या उंदरांवर काम केलं. काही माद्या पिल्लांना खूप चाटतात, गोंजारतात, काही कमी. भरपूर चाटलेली पिल्लं मोठी झाल्यावर शांत असतात, त्यांचं ताणाचं संप्रेरक लवकर खाली येतं. २००४ साली त्यांनी कारण दाखवलं. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी दोन्ही प्रकारच्या पिल्लांच्या मेंदूत कॉर्टिसॉल-ग्राहकाच्या जनुकावर मिथाइलच्या खुणा भरपूर असतात. चाटणाऱ्या आईच्या पिल्लांमध्ये त्या पहिल्या आठवड्याच्या आत उतरतात, दुसऱ्या पिल्लांमध्ये राहतात. कमी चाटणाऱ्या मादीची पिल्लं जन्मतःच दुसऱ्या आईच्या कुशीत ठेवली, तर ती नव्या आईसारखी घडली. आणि मोठ्या उंदरांच्या मेंदूत एक औषध सोडून या खुणा उलटवताही आल्या.

या प्रयोगातला एक भाग बहुतेक वर्णनांत निसटतो. भरपूर चाटलेल्या मादी पिल्लाला पुढे पिल्लं झाली की तीही त्यांना भरपूर चाटते. म्हणजे हा गुण पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि तरीही तो बीजपेशीतून जात नाही. प्रत्येक पिढीत आईच्या जिभेने तो नव्याने घडतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ‘आजोबांचा आघात नातवाच्या डीएनएत’ अशा मथळ्यांनी जो गोंधळ माजवला आहे, तो सोडवायला हा एक उंदराचा प्रयोग पुरेसा आहे. आघाताचा परिणाम पुढच्या पिढीत जाण्याचे रस्ते अनेक. जनुकांच्या अक्षरांतून जाणारा धोका हा एक. पोटात असताना आईच्या रक्तातून येणारं संप्रेरक हा दुसरा. दचकणारे, गप्प राहणारे, रात्री ओरडणारे आईवडील आणि त्यांच्या हातचं बालपण हा तिसरा. उद्ध्वस्त झालेलं घर, गेलेली जमीन, निर्वासितांची छावणी हा चौथा. अंड्यातल्या किंवा शुक्रपेशीतल्या खुणा जशाच्या तशा नातवापर्यंत जाणं हा पाचवा. पहिल्या चार रस्त्यांचा पुरावा चांगला आहे. माणसांत पाचव्याचा पुरावा सर्वांत तोकडा आहे, आणि लोकांचं मन बसलं आहे ते नेमकं त्याच्यावर.

न्यूयॉर्कच्या रेचेल येहुदा यांचं काम या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. पीटीएसडीच्या रुग्णांत कॉर्टिसॉल वाढलेलं नव्हे तर अनेकदा कमी असतं, हे त्यांनी १९९० च्या सुमारास दाखवलं होतं. त्यांच्या मते इथे ताणव्यवस्था अतिसंवेदनशील झालेली असते. (वर सांगितलेल्या जड झालेल्या बॉलकॉकशी हे सरळ जुळत नाही. पीटीएसडीत एकाच दिशेचा बिघाड नसतो, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं.) ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी जागतिक व्यापार केंद्रात किंवा जवळपास असलेल्या ३८ गर्भवती स्त्रिया आणि त्यांची वर्षाची झालेली बाळं त्यांनी तपासली. ज्या आयांना पीटीएसडी झाला होता त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल कमी होतं, आणि त्यांच्या बाळांच्याही. शेवटच्या तीन महिन्यांत असलेल्या स्त्रियांच्या बाळांत हे सर्वांत ठळक होतं. महिन्यागणिक फरक पडतो म्हणजे गर्भाशयाचा रस्ता खरा आहे, असं मानायला जागा मिळते. ही रचना मला पटते.

२०१५ मध्ये जगभर गाजलेला त्यांचा नाझी छळातून वाचलेल्या ज्यूंवरचा अभ्यास मात्र वेगळा. वाचलेले ३२ जण, त्यांची २२ मुलं, आणि तुलनेसाठी ८ पालक व ९ मुलं. एफकेबीपी५ मधल्या त्याच भागात पालकांच्या खुणा तुलनेच्या गटापेक्षा जास्त होत्या, मुलांच्या कमी. दोघांतही काही तरी बदललं आहे, पण विरुद्ध दिशेने. आईवडिलांची खूण मुलात ‘उतरली’ असं यावरून म्हणता येत नाही. मुलांनी जे घर पाहिलं, जे मौन ऐकलं, त्यातूनही हा बदल येऊ शकतो. त्यात नऊ जणांच्या तुलनागटावर केवढं ओझं टाकायचं? स्वतः येहुदा यांनी एमी लेर्नर यांच्यासोबत २०१८ साली लिहिलेल्या आढाव्यात सावधगिरीचाच सूर लावला आहे. मथळे लिहिणाऱ्यांनी तो ऐकला नाही.

अडचणी आणखीही आहेत. या अभ्यासांत तपासलं जातं ते बहुधा रक्त किंवा लाळ. भीती जिथे राहते तो मेंदू जिवंत माणसाचा काढून बघता येत नाही. दुसरं, खुणा फक्त आघाताने पडत नाहीत. २०२० साली दहा समूहांतल्या १,८९६ लोकांचा डीएनए एकत्र तपासला तेव्हा पीटीएसडीशी जोडलेल्या चार ठळक जागा एएचआरआर या जनुकात सापडल्या. हे जनुक धूम्रपानाची खूण म्हणून आधीपासून प्रसिद्ध आहे, आणि पीटीएसडीचे रुग्ण जास्त विड्या-सिगारेटी ओढतात. संशोधकांना सिगारेट न ओढणाऱ्यांत वेगळी तपासणी करावी लागली. तिथेही संबंध टिकला, म्हणून तो निष्कर्ष वाचला. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे, सस्तन प्राण्यांत बीजपेशी तयार होताना आणि फलनानंतर अशा बहुतेक खुणा पुसून टाकल्या जातात. नातवापर्यंत काही पोहोचायचं तर ते या दोन्ही पुसण्यांतून वाचायला हवं.

त्यामुळेच २०२५ च्या सुरुवातीला आलेला सीरियन कुटुंबांचा अभ्यास मी काळजीपूर्वक वाचला. जॉर्डनच्या रेणुजीवशास्त्रज्ञ राना दजानी, मानववंशशास्त्रज्ञ कॅथरीन पँटर-ब्रिक आणि फ्लॉरिडाच्या कॉनी मलिगन यांनी ४८ कुटुंबांतल्या १३१ जणांच्या गालाच्या आतून कापसाचा फाया फिरवून नमुने घेतले. कुटुंबं तीन प्रकारची निवडली. काहींत आजी १९८० च्या दशकात हामा शहरातल्या हिंसाचाराच्या वेळी गर्भवती होती. १९८२ च्या फेब्रुवारीत तिथे सरकारी सैन्याने हजारो लोकांना मारलं. काहींत आई २०११ नंतरच्या युद्धात गर्भवती होती. आणि काही कुटुंबं १९८० च्या आधीच सीरिया सोडून गेलेली, त्यामुळे या हिंसेपासून दूर राहिलेली. भाषा तीच, चालीरीती त्याच, फरक हिंसेचा. प्रत्यक्ष हिंसा अनुभवलेल्यांत डीएनएवरच्या २१ जागा बदललेल्या दिसल्या, आणि हामातल्या आजींच्या नातवंडांत १४.

या १४ जागांचा अर्थ लावताना गर्भशास्त्रातली एक गोष्ट मदतीला येते. मुलीचा गर्भ पाचव्या महिन्यात असतानाच तिच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख अपक्व अंडी असतात. म्हणजे हामातली ती गर्भवती आजी पळत होती तेव्हा तिच्या पोटात तिची मुलगी होती, आणि त्या मुलीच्या आत पुढे होणाऱ्या नातवंडाचं अंडंही. तिघांचाही त्या रात्रींशी थेट संपर्क आला होता. म्हणून ‘पिढ्यांपलीकडचा वारसा’ म्हणायला पणतवंडं तपासावी लागतील, आणि ती अजून लहान आहेत किंवा जन्मायची आहेत. शिवाय त्या १४ जागांमुळे नातवंडांच्या प्रकृतीत काय फरक पडला, हे या अभ्यासातून कळत नाही. खूण म्हणजे आजार नव्हे. तरीही तुलनागट इतक्या विचाराने बांधलेला अभ्यास माणसांत क्वचितच झाला आहे.

खुणा कायमच्या असतात का? येहुदा यांनी १६ माजी सैनिकांना मानसोपचारापूर्वी आणि नंतर तपासलं. टाळलेल्या आठवणींना सुरक्षित खोलीत, तज्ज्ञासमोर पुन्हा पुन्हा सामोरं जाण्याचा तो उपचार होता. जे बरे झाले त्यांच्यात एफकेबीपी५ वरच्या खुणाही हलल्या. सोळा माणसं म्हणजे फारच कमी, आणि हाच आक्षेप मी वर घेतला आहे, तो इथेही लागू. पण उपचारासाठी या निष्कर्षाची वाट पाहायची गरज नाही. हा उपचार जनुकांची तपासणी न करताच दिला जातो आणि अनेकांना गुण येतो. उलट जनुकांवरून धोक्याचे गुण काढून सैन्यभरतीत किंवा विम्यात माणसं वगळायची कल्पना कुणी काढली, तर तिला आजच्या विज्ञानाचा आधार नाही. तो गुण एकट्या माणसाविषयी काही सांगण्याइतका बळकट नाही.

भारतीय माणसाविषयी तर तो जवळपास काहीच सांगत नाही. २०२४ च्या त्या महाअभ्यासात युरोपीय वंशाचे बारा लाखांवर लोक, आणि आफ्रिकी व अमेरिकी मूलनिवासी वंशाचे ५८,०५१. ते ९५ भाग युरोपीय समूहातून आलेले. आपल्याकडे ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकक्रम वाचून ठेवले आहेत, ही मोठी गोष्ट झाली. पण जनुकक्रमात बालपण लिहिलेलं नसतं. ग्रेडीत ते माणसापाशी बसून विचारावं लागलं होतं.

महाराष्ट्रात असं विचारण्याची एक परंपरा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचं विसर्जन करून लोक झोपले असताना, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. रंगभूमीवर आपल्याला ठाऊक असलेले डॉ. मोहन आगाशे यांनी मनोविकारतज्ज्ञ म्हणून पुण्याहून तिथल्या लोकांच्या मानसिक आरोग्यावर काम केलं. तेव्हा डीएनएवरच्या खुणा मोजण्याचं तंत्र हाताशी नव्हतं. त्या पहाटे आईच्या पोटात असलेली मुलं आता तिशी ओलांडून गेली आहेत, त्यांच्या मुली शाळेत जात असतील. हामाच्या धर्तीवर कुणी इथे अभ्यास करायचं ठरवलं तर तुलनेसाठी भूकंप न सोसलेली, पण त्याच शेतीवाडीची, त्याच दुष्काळाची गावं शोधावी लागतील, कारण किल्लारी-सास्तूरकडे ताणाला भूकंपाशिवायही कारणं कमी नाहीत. प्रश्न विचारणारा तिथली बोली बोलणारा हवा. आणि बोलता बोलता ज्याचा बांध फुटेल, त्याला त्याच आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ भेटेल, ही सोय नमुने गोळा करण्याच्या आधी झालेली हवी.